उत्क्रांतीशेजारी सृष्टिनिर्मिती : अमेरिकी शाळांतील शंभर वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेतील सरकारी शाळांत उत्क्रांतीबरोबर बायबलमधील सृष्टिनिर्मितीही शिकवावी, म्हणजे मुलांना दोन्ही बाजू कळतील, ही मागणी वरकरणी समंजस वाटते. तिचा इतिहास पाहिला, तर ती मुळात बरोबरीची मागणी नव्हती हे ध्यानात येते. उत्क्रांती शिकवण्यावर सरसकट बंदी घालता येत होती, तोवर दोन्ही बाजूंची आठवण कोणाला झाली नाही. बंदी न्यायालयात टिकेनाशी झाली, तेव्हा कुठे समान वागणुकीचा आग्रह पुढे आला.

डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला, तरी शाळांमधला संघर्ष पेटायला साठ वर्षांहून अधिक काळ जावा लागला, कारण एकोणिसाव्या शतकात माध्यमिक शाळेपर्यंत पोहोचणारी मुलेच थोडी होती. पुढच्या दोन-तीन दशकांत ही संख्या झपाट्याने वाढली आणि जीवशास्त्राचे पुस्तक दक्षिणेकडील शेतकऱ्यांच्या घरांत गेले. आपल्या करांवर चालणारी शाळा आपल्याच मुलांची श्रद्धा मोडते आहे, ही भावना त्यातून बळावली. टेनेसीच्या विधिमंडळात बंदीचे विधेयक मांडणारे जॉन वॉशिंग्टन बटलर स्वतः शेतकरी होते. मार्च १९२५ मध्ये त्यांचे विधेयक मंजूर झाले आणि मनुष्य खालच्या श्रेणीतील प्राण्यांपासून उत्पन्न झाला असे सरकारी शाळेत शिकवणे गुन्हा ठरले.

त्याच वर्षी जुलैमध्ये डेटन या छोट्या गावात जॉन स्कोप्स या चोवीस वर्षांच्या शिक्षकावर खटला चालला. कायद्याला आव्हान देण्यास तयार असणाऱ्या शिक्षकासाठी नागरी स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्या संघटनेने वृत्तपत्रात निवेदन दिले होते आणि गावाचे नाव होईल या हिशेबाने तिथल्या काही प्रतिष्ठितांनी स्कोप्सला पुढे केले होते. बचाव पक्षाचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी सरकार पक्षाच्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनाच साक्षीदाराच्या जागी बसवून बायबलवर प्रश्न विचारले, तो प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहिला. त्यामुळे ब्रायन यांची प्रतिमा एका हट्टी धर्मवाद्याची झाली, आणि ती मला अपुरी वाटते. तीन वेळा अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या या नेत्याला, बलवानांनीच टिकावे असा धडा समाजाने उत्क्रांतीतून घेतला तर दुर्बलांचे काय होईल, ही खरी चिंता होती. आणि स्कोप्सच्या शाळेतील जीवशास्त्राच्या पुस्तकात मानववंश 'सुधारण्या'चे विचार खरोखरच छापलेले होते. उत्क्रांतीचे शास्त्र आणि त्याच्या नावावर खपवलेला वंशविचार वेगळे काढणे तेव्हा कोणालाच नीट जमले नाही.

स्कोप्सला १०० डॉलर दंड झाला. हा दंड ज्युरीऐवजी न्यायाधीशांनी ठरवला होता, एवढ्या तांत्रिक कारणावरून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये शिक्षा रद्द केली, पण कायदा वैध ठरवला. मिसिसिपीने १९२६ मध्ये आणि आर्कान्सॉने १९२८ मध्ये अशीच बंदी आणली. त्याहून मोठा परिणाम पुस्तकांवर झाला. बाजारपेठ गमवायला नको म्हणून अनेक प्रकाशकांनी उत्क्रांतीचा भाग आटोपता घेतला आणि ही स्थिती जवळजवळ तीन दशके टिकली. सरकारने कोणत्याही धर्माची प्रस्थापना करू नये, हे राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीतील तत्त्व राज्यांनाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये स्पष्ट केले. तोपर्यंत या बंदीविरुद्ध धर्मप्रस्थापनेचा आधार घेण्याची वाट बंदच होती.

चित्र पालटले ते १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडल्यावर. विज्ञानशिक्षणात आपण मागे पडलो, या धास्तीने केंद्र सरकारने पैसा ओतला आणि शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या जीवशास्त्राच्या नव्या पुस्तकांत उत्क्रांती पुन्हा मध्यवर्ती झाली. हे पुस्तक शिकवले तर गुन्हा आणि न शिकवले तर कर्तव्यात कसूर, अशा पेचात सापडलेल्या लिटल रॉकच्या शिक्षिका सुझन एपर्सन न्यायालयात गेल्या आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्कान्सॉची बंदी घटनाबाह्य ठरवली.

'शेजारी शिकवा' हा युक्तिवाद खऱ्या अर्थाने जोर धरतो तो यानंतर. जागतिक जलप्रलय, काही हजार वर्षांचीच पृथ्वी, जीवजातींची अचानक निर्मिती या कल्पना 'निर्मितीविज्ञान' म्हणून मांडल्या जाऊ लागल्या. आर्कान्सॉ आणि लुइझियाना या राज्यांनी १९८१ मध्ये दोहोंना समान वेळ देणारे कायदे केले. आर्कान्सॉच्या कायद्याविरुद्ध उभे राहिलेले वादी पाहण्यासारखे आहेत : मेथडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक पंथांचे बिशप, प्रेस्बिटेरियन धर्माधिकारी आणि ज्यू संघटना. हा वाद धर्म विरुद्ध विज्ञान असा कधीच सरळ नव्हता. आपल्या श्रद्धेचा अर्थ सरकारने ठरवू नये, असे मानणारे श्रद्धावंतही त्यात होते. न्यायाधीश विल्यम ओव्हर्टन यांनी जानेवारी १९८२ मध्ये तो कायदा रद्द केला. निसर्गनियमांनी स्पष्टीकरण देणारे, पडताळता येणारे आणि चुकीचे ठरू शकणारे तेच विज्ञान, हा त्यांचा निकष होता. लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला.

मात्र धर्मनिरपेक्ष हेतूने निरनिराळे वैज्ञानिक सिद्धांत शिकवायला हरकत नाही, असेही त्या निकालपत्रात म्हटले होते. नेमकी तीच फट 'इंटेलिजंट डिझाइन'च्या पुरस्कर्त्यांनी हेरली. देवाचे नाव न घेता, सजीवांची गुंतागुंत पाहता त्यामागे कोणी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, असा त्यांचा दावा. पेनसिल्व्हेनियातील डोव्हर येथील शाळा मंडळाने या मताची ओळख करून देणारे निवेदन नववीच्या वर्गात वाचण्याचा आदेश काढला. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, म्हणून प्रशासकांनी वाचले, आणि अकरा पालक न्यायालयात गेले. त्या निवेदनात शिफारस केलेल्या 'डिझाइन'वादी पुस्तकाचे जुने मसुदे न्यायालयात उघड झाले. १९८७ च्या निकालानंतर 'निर्मिती'च्या जागी 'डिझाइन' घालून बाकी मजकूर जवळपास तसाच ठेवला होता. पुराव्यांपैकी मला हाच सर्वांत निर्णायक वाटतो. रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी नेमलेले न्यायाधीश जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचे निकालपत्र देऊन हे विज्ञान नव्हे, असे ठरवले. त्याआधीच मतदारांनी निवडणुकीत त्या मंडळाच्या सदस्यांना घरी पाठवले होते.

यानंतर मागणी अधिक सौम्य झाली. लुइझियानाने २००८ मध्ये आणि टेनेसीने २०१२ मध्ये केलेले कायदे निर्मितीवाद शिकवा असे म्हणत नाहीत. शिक्षकांना वैज्ञानिक सिद्धांतांची चिकित्सा करण्याची मुभा देतात. दरम्यान वर्गातली अडचण निराळीच होती. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत जीवशास्त्राच्या सुमारे ६० टक्के शिक्षकांनी वाद टाळण्यासाठी उत्क्रांतीबाबत सावध, गुळमुळीत पवित्रा घेतल्याचे दिसले. असे गाळणे आपल्याकडेही घडले : २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि त्याविरुद्ध १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निवेदनावर सह्या केल्या. पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलाला तो विषय शाळेत भेटणारच नाही, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

अमेरिकेत १९८७ चा निकाल आजही लागू आहे. मात्र ज्या कसोटीवर तो दिला गेला, म्हणजे कायद्यामागचा हेतू धर्मनिरपेक्ष आहे की नाही हे तपासण्याची १९७१ पासूनची पद्धत, ती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या प्रार्थनेसंबंधीच्या खटल्यात बाजूला सारली आणि इतिहास व परंपरा यांचा दाखला पुढे केला. पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची आहे. तेव्हा आजच्यासारख्या सरकारी शाळा जवळपास नव्हत्या आणि डार्विनचा जन्मही झाला नव्हता. अशा विषयाला परंपरेचा दाखला कसा लावायचा, याचे उत्तर न्यायालयाने अजून दिलेले नाही.