शेवटच्या बाकावरून मारुती दिसतो का?

पावसाळ्यात गोदेला किती पाणी आलंय, हे नाशिककर क्युसेकमध्ये क्वचितच सांगतो. ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, कारण मारुतीची ही मूर्ती रामकुंडाजवळ नदीतच उभी आहे. वर्गात गोदावरीच्या पुरावर बोलायला उभी राहणारी मुलं मात्र नेमकं हेच चित्र सोडतात. स्लाइडवर बारा ओळी चिकटवतात आणि त्याच वाचून दाखवतात.

घोळ इथेच होतो. मनातल्या मनात वाचतानाही शब्द आतल्या आत उच्चारले जातात, त्यामुळे वाचणं आणि ऐकणं मेंदूत एकाच वाटेवर येऊन अडतं. शिवाय डोळे जिभेपेक्षा वेगाने धावतात. वर्ग चौथ्या ओळीवर, वक्ता अजून दुसरीवर! चित्राची वाट वेगळी असते. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचं, म्हणजे काम करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीचं, जे प्रारूप मांडलं, त्यात बोललेल्या शब्दांना आणि दृश्यांना स्वतंत्र कप्पे आहेत. म्हणून स्लाइडभर मारुतीचा फोटो लावा आणि त्यावर गुडघा, कंबर, छाती, डोकं अशा चार रेघा ओढा. चारही एकदम दाखवू नका. जिच्याबद्दल बोलताय तेवढीच आणा. शीर्षकही ‘गोदावरीचा पूर’ असं मोघम नको. ‘गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की रामकुंडाला पाणी चढतं’ असं पूर्ण वाक्य हवं.

आता अक्षरांचा आकार. इथे अंदाज नको, गणितच करू. निकोप डोळ्याला ओळखता यावं म्हणून अक्षराने डोळ्याशी किमान ५ कोनीय मिनिटांचा कोन करायला हवा (कोनीय मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग). ८ मीटरवरच्या शेवटच्या बाकासाठी हे सुमारे १२ मिलिमीटर झाले. ही झाली डोळ्याची हद्द. सहज वाचायला तिप्पट, म्हणजे साडेतीन सेंटिमीटर धरा. रुंद स्लाइडची उंची ५४० पॉइंट असते. पडद्यावर ती १२० सेंटिमीटर झाली, तर २४ पॉइंटला ५.३ सेंटिमीटर मिळतात. पण त्यातली निम्मी जागा वेलांट्या, मात्रा, उकार खातात आणि मूळ अक्षराला अडीच-पावणेतीन उरतात. मराठीसाठी ३६ पॉइंटच बरे. ओळींमधलं अंतरही थोडं वाढवा, नाहीतर वरचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. घरी तपासायचं असेल, तर १५.६ इंची लॅपटॉपवर स्लाइड पूर्ण पडदाभर लावून १.३ मीटर मागे सरा. शेवटच्या बाकावरून ती एवढीच दिसणार.

काळी पार्श्वभूमी लॅपटॉपवर झकास दिसते, वर्गात फसते. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. त्याचा काळा म्हणजे प्रकाश न पडलेला पडदा. खिडकीतून ऊन आलं की तो राखाडी होतो आणि बारीक पांढरी अक्षरं त्यात विरतात. उजेडाच्या वर्गात पांढऱ्यावर गडद अक्षरंच ठेवा. पुराच्या आलेखात १९६९ ची रेघ लाल आणि २००८ ची हिरवी नको. लाल-हिरव्यातला फरक न कळणारं कुणीतरी वर्गात असू शकतं, आणि असे मुलगे मुलींपेक्षा बरेच जास्त असतात. रेघेच्या टोकालाच साल लिहा, म्हणजे कोपऱ्यातली रंगसूची शोधावी लागत नाही.

शेवटची फजिती फॉन्टची. जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची सामाईक संकेतपद्धती) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अगम्य रोमन अक्षरं दिसतात. युनिकोडमध्येच टाइप करा आणि सोबत पीडीएफ प्रत ठेवा. मात्र पीडीएफमध्ये ॲनिमेशन चालत नाही, त्यामुळे मारुतीच्या चार रेघांसाठी चार वेगळ्या स्लाइड करून ठेवाव्या लागतात.