हॉटेलांचे पर्यावरणपूरक नूतनीकरण : नाशिक

पाणी, वीज व बांधकाम साहित्य कमी लागेल आणि राडारोडा कमीत कमी निघेल, अशा बेताने हॉटेलच्या जुन्या इमारतीची डागडुजी, अंतर्गत फेरबदल आणि यंत्रणांची बदली करण्याच्या कामास पर्यावरणपूरक नूतनीकरण म्हणतात. नाशिकमध्ये पंचवटी व त्र्यंबकेश्वरच्या यात्रेकरूंबरोबरच द्राक्षबागा आणि वाइननिर्मिती पाहायला येणाऱ्या पर्यटकांमुळे हॉटेल व्यवसाय वर्षभर चालतो. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या आधी हॉटेले नवी करून घेण्याची घाई साहजिकच वाढते. 2015 नंतरचा सिंहस्थ 2026-27 मध्ये येत असल्याने हा विषय शहरासाठी निकडीचा आहे, कारण घाईत धडधाकट फरशीही उखडली जाते.

काय पाडायचे नाही, हा या कामातला पहिला आणि सर्वांत मोलाचा निर्णय होय. सिमेंट, पोलाद व भाजलेल्या विटा तयार करताना मोठी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे मूळ सांगाडा मजबूत असेल तर तो राखण्याने जेवढी बचत होते, तेवढी नंतर बसवलेल्या कमी विजेच्या दिव्यांनी भरून निघणे कठीण असते. केंद्र सरकारने 2016 मध्ये बांधकाम व पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम केले आणि दिवसाला 20 टनांहून किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टनांहून अधिक कचरा काढणाऱ्यांवर काँक्रीट, माती, विटा, लाकूड, पोलाद इत्यादींचे वर्गीकरण करण्याची जबाबदारी टाकली होती. लहान हॉटेले अशा मर्यादांच्या आत राहतात, म्हणून तेथे सारे मालक आणि ठेकेदार यांच्या इच्छेवर अवलंबून असते. वाड्याचे हॉटेल करताना सागवानी तुळया आणि कडीपाट (कड्या-फळ्यांचे लाकडी छत) सावकाश उतरवून, खिळे उपटून, वाळवीने खाल्लेला भाग कापून टाकला, तर उरलेल्या लाकडातून दारांच्या चौकटी व खाटा होतात. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा देणे मात्र टाळावे. त्यामुळे भिंतीतील ओल कोंडते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि काही पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा ओल बाहेर जाऊ देतो. छपरावर ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे असतील तर ते न फोडता, ओले करून, प्रशिक्षित कामगारांकडूनच उतरवावे लागतात.

नाशिकचा उन्हाळा 40 अंशांच्या आसपास जात असला तरी रात्री बऱ्यापैकी गार होतात. काळ्या पाषाणाचे जोते, जाड भिंती आणि मधला चौक ही इथल्या वाड्यांची रचना याच हवेला धरून होती. पेशवेकालीन सरकारवाड्यात ती आजही दिसते. दर्शनी बाजूला काचेचे तावदान लावून आतील वातानुकूलन वाढवणे हे नाशिकसारख्या ठिकाणी उफराटे काम आहे. पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जे, गच्चीवर पांढरा परावर्तक थर आणि समोरासमोर उघडणारी तावदाने यांनी उष्णता आधी रोखावी व मगच यंत्रे निवडावीत. साध्या 75 वॉटच्या पंख्याऐवजी सुमारे 30 वॉटचा बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा चालतो. गरम पाण्यासाठी सौर बंब पुरतो, पण पावसाळ्यात त्याला उष्णता-पंपाची, म्हणजे हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणाऱ्या विजेच्या यंत्राची जोड द्यावी लागते.

पाण्याची बाजू अधिक नाजूक आहे. शहराचा पाणीपुरवठा मुख्यतः गोदावरीवरील गंगापूर धरणावर अवलंबून असून, वापरलेले पाणी शेवटी त्याच नदीच्या खोऱ्यात उतरते. जुन्या फ्लशला एका वेळी 10 लिटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते, तर दुहेरी बटणाच्या टाकीला 3 किंवा 6 लिटर. आंघोळीचे आणि बेसिनचे पाणी वेगळ्या नळाने गोळा करून, शुद्ध करून ते फ्लश आणि बागेसाठी वापरता येते. ही वेगळी नळयोजना न्हाणीघर उघडे पडलेले असतानाच सहज टाकता येते, आणि ती संधी गेली तर पुढच्या तोडफोडीपर्यंत थांबावे लागते. स्वयंपाकघराच्या मोरीला तेल अडवणारा सापळाही त्याच वेळी बसवावा, नाहीतर गटारे तुंबतात.

इमारत किती पर्यावरणपूरक आहे याच्या मूल्यांकनासाठी भारतीय हरित इमारत परिषदेची (स्थापना 2001) मानांकन पद्धत आणि ‘गृह’ (GRIHA) ही मानांकन पद्धत अशा दोन पद्धती भारतात रूढ आहेत. प्रमाणपत्र उपयोगी असले तरी खरा पडताळा मीटर देतो. काम सुरू होण्यापूर्वीच्या वर्षाची वीज व पाण्याची बिले जपून ठेवून, भरलेल्या प्रत्येक खोलीमागे किती युनिट व किती लिटर लागले हे नूतनीकरणानंतर त्याच महिन्यांशी ताडून पाहावे लागते, कारण यात्रेच्या आणि ओसरत्या हंगामात खोल्यांची भरती फार वेगळी असते.