ॲट्रिब्यूटला आर्ग्युमेंट देताना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज परत येण्याची कारणं

सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत क्लासच्या किंवा मेथडच्या डोक्यावर चौकोनी कंसात ॲट्रिब्यूट, म्हणजे त्याच्याबद्दलच्या जादा माहितीची चिठ्ठी, लावणं सोपं असतं. गाडी अडते ती त्याला आर्ग्युमेंट देताना. आर्ग्युमेंटची व्हॅल्यू कंपाइल करतानाच ठरलेली हवी असा नियम आहे; तो मोडला की कंपायलर सीएस०१८२ या एररचा शेरा मारून अर्ज परत पाठवतो आणि नवखा माणूस तासभर डोकं खाजवत बसतो.

हा नियम नुसता हटवादीपणा नाही. ॲट्रिब्यूटचा ऑब्जेक्ट प्रोग्राम सुरू होताच तयार होत नाही. कंपायलर त्याची आर्ग्युमेंट्स बाइट्सच्या रूपात असेंब्लीच्या (कंपाइल होऊन बनलेल्या फाइलच्या) मेटाडेटात, म्हणजे कोडबद्दलच्या माहितीत, नोंदवून ठेवतो: सुरुवातीला ०१ ०० हे दोन बाइट, मग कन्स्ट्रक्टरची आर्ग्युमेंट्स क्रमाने, त्यानंतर नावानिशी दिलेली. स्ट्रिंग यूटीएफ-८ मध्ये जाते, टाइपचं तर नुसतं नाव लिहिलं जातं. पुढे कुणी रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालताना ही माहिती वाचण्याच्या सोयीने, तो ॲट्रिब्यूट मागितला, तर या नोंदीवरून ऑब्जेक्ट उभा राहतो. म्हणून कंपाइल करताना जे कागदावर उतरवता येत नाही, ते चालत नाही.

पात्र कोण?

बूल, कॅर, स्ट्रिंग, सगळे नेहमीचे पूर्णांक, फ्लोट, डबल, ऑब्जेक्ट, सिस्टिम डॉट टाइप, कोणताही इनम (नावं दिलेल्या ठरावीक पर्यायांचा टाइप), आणि या सगळ्यांचे एकमितीय ॲरे. यादी संपली. डेटटाइम, ग्विड, डेलिगेट, लॅम्डा, तुमचा स्वतःचा क्लास, ॲरेच्या आत ॲरे हे सगळे अपात्र. असा पॅरामीटर कन्स्ट्रक्टरला ठेवून ॲट्रिब्यूट लावायला गेलात, तर सीएस०१८१ मिळेल.

कागदपत्रे

टाइप यादीत बसला म्हणून काम झालं असं नाही, व्हॅल्यूही कंपाइल करतानाच ठरलेली हवी. थेट लिहिलेला आकडा किंवा स्ट्रिंग, कॉन्स्ट (कधीच न बदलणारा स्थिरांक), कॉन्स्टना जोडून बनवलेली स्ट्रिंग, नेमऑफ, टाइपऑफ आणि जागच्या जागी बनवलेला ॲरे चालतो. स्टॅटिक रीडओन्ली चालत नाही, कारण ती व्हॅल्यू प्रोग्राम चालताना भरली जाते. मी स्वतः यात फसलोय ते स्ट्रिंग डॉट एम्प्टीमुळे. दिसायला किती निरुपद्रवी! पण तो कॉन्स्ट नसून रीडओन्ली फील्ड आहे. तिथे दोन अवतरणचिन्हं कोरी ठेवली की अर्ज लगेच मंजूर.

जेनेरिक क्लासच्या आत, म्हणजे जिथे टी हा टाइप वापरणारा नंतर ठरवतो तिथे, टाइपऑफ(टी) दिलंत तर सीएस०४१६ येतो, कारण टी कोण हे अजून ठरलेलंच नसतं. टाइप पॅरामीटर रिकामा ठेवलेलं टाइपऑफ(लिस्ट<>) मात्र चालतं.

डेसिमलचं दुखणं

डेसिमल हा दशांश आकड्यांचा टाइपही वरच्या पात्र यादीत नाही. तक्रारी याच्याही येतात, आणि त्या रास्त आहेत. कोडमध्ये डेसिमल कॉन्स्ट म्हणून खुशाल लिहिता येतो, मग इथे का नाही? कारण मेटाडेटाच्या पातळीवर डेसिमल स्थिरांक नावाचा प्रकारच नाही. तुमचा तो कॉन्स्टसुद्धा कंपायलर एका वेगळ्या ॲट्रिब्यूटच्या आडून सांभाळतो. यावर डॉटनेटनेच काढलेली पळवाट रेंज ॲट्रिब्यूटमध्ये (व्हॅल्यू किमान आणि कमाल मर्यादेत आहे का हे तपासणाऱ्या) दिसते: पहिलं आर्ग्युमेंट टाइपऑफ(डेसिमल), पुढे किमान आणि कमाल आकडे स्ट्रिंग म्हणून अवतरणचिन्हांत. स्वतःच्या ॲट्रिब्यूटमध्येही हेच करा, म्हणजे तारीख असो वा रक्कम, आत घ्यायची स्ट्रिंग म्हणून आणि वापरताना पार्स करायची.

नावानिशी आर्ग्युमेंट

ॲट्रिब्यूटच्या ज्या प्रॉपर्टीला नाव घेऊन व्हॅल्यू देता, ती पब्लिक, नॉन-स्टॅटिक आणि वाचता-लिहिता येणारी हवी. नुसता गेट असेल तर सीएस०६१७. ॲट्रिब्यूट कुठे लावता येईल आणि एकाच जागी दोनदा चालेल का, हे ॲट्रिब्यूटच्या क्लासवर लावलेल्या ॲट्रिब्यूट-युसेजमध्ये ठरतं. काही सांगितलं नाही तर दोनदा चालत नाही.

मंजुरीनंतर

कंपायलर फक्त अर्जाचा नमुना तपासतो, मजकूर नाही. रेंजमध्ये आकड्याच्या जागी भलतीच स्ट्रिंग लिहिलीत तरी बिल्ड हिरवाच दिसेल. एक्सेप्शन उडेल ते व्हॅलिडेशन चालेल तेव्हा. दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्या कल्चरच्या (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या) मशीनवर तर बरोबर लिहिलेला आकडाही चुकीचा वाचला जाऊ शकतो. त्यासाठी रेंजवर पार्स-लिमिट्स-इन-इन्व्हेरियंट-कल्चर ही प्रॉपर्टी आहे. ती ट्रू करून ठेवा.