काठीची राजवाडी होळी

सातपुड्यातल्या काठी गावात (ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार) फाल्गुन पौर्णिमेला रात्रभर चालणारा भिल्ल-पावरा आदिवासींचा सण. गुजरात, मध्य प्रदेशच्या सीमेकडच्या पाड्यांवरूनही लोक येतात.

ही होळी कधीची, यावर मतं वेगवेगळी आहेत. काठीच्या जुन्या संस्थानाच्या परंपरेत इ.स. १२४६ हे साल सांगतात आणि बातम्यांतही तेच येतं, पण त्याचा आधार मुख्यतः मौखिक आहे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये काठीचा उल्लेख मेवासी (स्थानिक सरदारांच्या छोट्या) संस्थानांत येतो, त्यामुळे घराण्याचा मान जुना हे खरंच, पण तेवढ्यावरून होळीचं साल ठरत नाही. दुसरं मत होळीचा संबंध राजा पांठा, गांडा ठाकूर या पूर्वजदेवांशी जोडतं, म्हणजे संस्थानाच्याही आधी नेतं. राजघराणं नसलेल्या आसपासच्या पाड्यांवरही दांडा (होळीचा उंच बांबू) उभारून, व्रत धरून अशीच होळी होते, ते बघता सण आधीचा आणि राजवाडी मान नंतर आलेला हेच जास्त पटतं. १२४६ हे फार तर त्या मानाचं परंपरागत साल धरावं.

दांडा म्हणजे उंच सरळ बांबू, तो जंगलातून निवडून आणतात, त्याचा खड्डा अवजार न लावता हाताने उकरतात. पूजा होऊन होळी पेटते ती पहाटे, तोवर ढोल, पावरी, बासरी आणि फेर धरून नाच चालूच.

नवस असलेला माणूस बुध्या होतो. अंगभर राखेची नक्षी, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा मोरपिसं लावलेला उंच टोप, कमरेला वाळके दुधी भोपळे आणि घुंगरं बांधलेली, त्यामुळे पाय आपटला की भोपळे एकमेकांवर आदळून जो खडखडाट होतो तो ढोलाच्या ठेक्यातच बसतो, आणि म्हणून या पोशाखाला नुसती सजावट म्हणणं चुकीचं आहे, ते अंगावर बांधलेलं वाद्यच आहे. बुध्या पालनी पाळतो, म्हणजे खाटेवर झोपायचं नाही, आंघोळ नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, आणि हे काही दिवस सलग. फोटो काढणाऱ्यांना टोप दिसतो, त्यामागचं हे व्रत कुणी विचारत नाही. मोरखी, बावा हीसुद्धा या होळीतली सोंगं. बायका चांदीचे दागिने घालून फेरात येतात.

होळीच्या आधीच्या आठवड्यात धडगाव, मोलगी भागात भोंगऱ्या बाजार भरतात, होळीची खरेदी तिथेच होते.