नोगेइरा, अंतोनियो रोद्रिगो (मिनोतौरो)

नोगेइरा, अंतोनियो रोद्रिगो : (२ जून १९७६ – ). मिश्र युद्धकलेतला, म्हणजे एमएमएमधला, ब्राझीलचा हेवीवेट लढवय्या. जपानच्या ‘प्राइड’ आणि अमेरिकेच्या ‘यूएफसी’ या दोन्ही संघटनांचा हेवीवेट किताब मिळवणारा तो पहिला. १९९९ ते २०१५ या काळात त्याने ३४ लढती जिंकल्या, १० गमावल्या, एक बरोबरीत सुटली आणि एक रद्द ठरली. खेळाच्या जगात त्याला ‘मिनोतौरो’ म्हणतात. ग्रीक पुराणकथेतला बैलाच्या डोक्याचा, माणसाच्या धडाचा राक्षस तो हा. जुळा भाऊ अंतोनियो रोजेरिओ हाही नावाजलेला लढवय्या.

जन्म बाइया राज्यातल्या व्हितोरिया दा कोंकिस्ता या पठारावरच्या शहरात. लहानपणीच दोघे भाऊ जुदो शिकू लागले. रोद्रिगो दहा-अकरा वर्षांचा असताना एक ट्रक त्याच्या अंगावरून गेला. चार दिवस तो बेशुद्ध होता. एक बरगडी गेली, यकृताचा काही भाग गेला आणि पुढचे अकरा महिने रुग्णालयात गेले. त्याच्या पाठीवर खालच्या बाजूला आजही मूठभर मांस काढून घेतल्यासारखा खोलगट व्रण आहे. लढतीआधी तो अंगरखा काढून पाठमोरा वळला की कॅमेरा हमखास त्या व्रणावर जायचा. नवख्या प्रेक्षकाला वाटे, ही कुठल्या तरी लढतीतली जखम असावी.

ज्याची पाठ अशी चिरडली गेली, त्याने पुढे सगळे नाव पाठीवर पडून लढण्यात कमावले. हे समजायला कुस्ती पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला थोडे थांबावे लागते. आपल्या आखाड्यात पाठ मातीला लागली की कुस्ती संपली. अस्मान दिसले म्हणजे हरलो, चितपट झालो. ब्राझीलच्या जिउ-जित्सूत पाठ टेकल्यावर लढतीचा एक वेगळाच अध्याय सुरू होतो. खालचा माणूस दोन्ही पाय वरच्याच्या कमरेभोवती आवळतो किंवा तळपाय त्याच्या मांडीवर, खांद्यावर टेकवून अंतर राखतो. याला ‘गार्ड’ म्हणतात. वरच्याने ठोसा मारायला हात पुढे केला की खालचा तो मनगटाशी धरतो, कंबर फिरवतो, एक पाय मानेवरून टाकतो. मान आणि हात दोन्ही पायांच्या त्रिकोणात आवळले गेले तर तो ‘ट्रँगल’. कोपराचा सांधा मांड्यांमध्ये धरून उलटा ताणला तर ‘आर्मबार’. मग प्रतिस्पर्ध्याने हाताने थोपटून हार मानायची, त्याला ‘टॅप’ म्हणतात. नाही मानली तर सांधा जातो किंवा शुद्ध जाते.

ही विद्या ब्राझीलमध्ये आली ती जपानमधून. जुदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचला आणि पुढे बेलेंमध्ये त्याच्याकडे शिकलेल्या कार्लुस ग्रेसीने व त्याच्या भावांनी तिला आपले वळण दिले. नोगेइरा या परंपरेत आला तो रिकार्दो दे ला रिवा यांच्या हाताखाली. गार्डच्या एका प्रकाराला ज्यांचे नाव आहे तेच हे गुरू. १९९९ मध्ये नोगेइराला काळा पट्टा मिळाला आणि त्याच वर्षी त्याने व्यावसायिक लढती सुरू केल्या. त्याआधी तो बॉक्सिंगही शिकला होता आणि ते त्याला आयुष्यभर पुरले. नुसत्या पकडींवर विसंबणारे जिउ-जित्सूवाले त्या काळी पुष्कळ होते. नोगेइरा उभ्याने चार ठोसे देई-घेई, आणि प्रतिस्पर्धी त्यात रंगला की त्याला खाली ओढत असे.

सुरुवातीचे नाव झाले जपानच्या ‘रिंग्ज’ संघटनेत. २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकेचा डॅन हेंडरसन पंचांच्या विभागलेल्या निर्णयाने त्याच्यावर जिंकला. पुढच्या वर्षी त्याच ‘किंग ऑफ किंग्ज’ स्पर्धेचे विजेतेपद नोगेइराने पटकावले. तिथून तो प्राइडमध्ये गेला.

प्राइडच्या लढती पिंजऱ्यात नव्हे, दोरांच्या रिंगणात होत. पहिली फेरी तब्बल दहा मिनिटांची, पुढच्या दोन पाच-पाच मिनिटांच्या. खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारायला मुभा होती. अशा नियमांत आपणहून पाठीवर पडणे म्हणजे जिवाशी खेळ. जुलै २००१ मध्ये पहिल्याच लढतीत त्याने गॅरी गुडरिजला ट्रँगलमध्ये अडकवले. सप्टेंबरमध्ये ओसाकात मार्क कोलमन समोर आला, अमेरिकेच्या विद्यापीठ कुस्तीतला माजी विजेता आणि प्राइडच्या २००० सालच्या ग्रांप्रीचा मानकरी. प्रतिस्पर्ध्याला खाली दाबून वरून मारायचे, ही कोलमनची सारी रीत. त्या दिवशीही त्याने नोगेइराला खाली पाडले, पण खाली जाणे हेच नोगेइराला हवे होते. ट्रँगलमधून आर्मबारकडे वळत त्याने पहिल्याच फेरीत कोलमनला टॅप करायला लावले. ३ नोव्हेंबर २००१ रोजी टोकियो डोममध्ये हीथ हेरिंगला गुणांवर हरवून तो प्राइडचा पहिला हेवीवेट विजेता झाला.

त्याची सर्वांत गाजलेली लढत मात्र किताबाची नव्हती. २८ ऑगस्ट २००२, टोकियोचे नॅशनल स्टेडियम, उघड्या आभाळाखाली आयोजकांच्या आकड्यानुसार ९१,१०७ प्रेक्षक. समोर बॉब सॅप, अमेरिकी फुटबॉल खेळलेला, १७० किलोच्या आसपासचा माणूस. नोगेइराचे वजन १०५ किलोच्या घरात. घंटा होताच नोगेइरा सॅपच्या पायांकडे झेपावला. सॅपने वाकून त्याला कमरेत धरले, डोके खाली पाय वर असा उलटा उचलला आणि डोक्यावरच आपटला. त्या क्षणी मानेचे काय झाले असेल या विचाराने आजही ते चित्रण पाहताना हात आपोआप मानेकडे जातो. पहिली दहा मिनिटे सॅप हातोडे चालवावेत तसे ठोसे चालवत राहिला. नोगेइराचा चेहरा सुजला, पण तो खालून एकेक पकड लावून पाहत होता. सॅप ती ताकदीने उपटून काढी आणि दर खेपेला त्याचा थोडा दम जाई. दुसऱ्या फेरीत सॅपची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. नोगेइराने त्याला उलटवले, वर आला, हात धरला, पाय छातीवरून टाकले आणि आर्मबार ताणला. चार मिनिटे तीन सेकंदांनी सॅपने टॅप केले. वजनगट कशासाठी असतात ते या लढतीत दिसते, आणि तंत्र काय करू शकते तेही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने हेंडरसनचा हिशेब आर्मबारने चुकता केला. मग आला फेदोर एमेल्यानेंको. १६ मार्च २००३ रोजी योकोहामात या रशियन लढवय्याने असे काही केले, जे तोवर कोणाला जमले नव्हते. नोगेइराचा गार्ड टाळायचा, ही जाणत्यांची शिकवण होती. फेदोर सरळ त्यात शिरला. पायांच्या विळख्यात राहूनच त्याने कंबर मोकळी ठेवली आणि इतक्या वेगाने, इतके वजन टाकून ठोसे मारले की ट्रँगलसाठी हात धरायला नोगेइराला सवडच मिळेना. पंचांनी एकमताने निर्णय दिला, किताब गेला. एमएमएच्या इतिहासात ही लढत विजेतेपद बदलण्याहून मोठी आहे. गार्ड म्हणजे सुरक्षित घर, ही समजूत इथे मोडली आणि पाठीवरून लढण्याची किंमत पुढच्या पिढीला कळली. २००४ च्या अखेरच्या रात्री दोघे पुन्हा भिडले. या वेळी फेदोरने लढत बहुतेक उभीच ठेवली आणि पुन्हा गुणांवर जिंकला. त्याआधी ऑगस्टमध्ये डोक्याला डोके आपटून फेदोरला खोक पडल्याने त्यांची एक लढत रद्द झाली होती.

फेदोर जखमी असताना हंगामी किताबासाठी ९ नोव्हेंबर २००३ रोजी टोकियो डोममध्ये मिर्को ‘क्रो कॉप’ फिलिपोविचशी गाठ पडली. क्रोएशियाचा हा किकबॉक्सर डाव्या पायाच्या लाथेसाठी प्रसिद्ध. पहिली फेरी पूर्णपणे त्याची. नोगेइराचे खाली ओढण्याचे सगळे प्रयत्न फसले आणि फेरीची शेवटची सेकंदे चालू असताना ती डावी लाथ डोक्यावर बसली. नोगेइरा कोसळला, घंटा वाजली म्हणून वाचला. दोन मिनिटांच्या विश्रांतीत कोपऱ्यातल्यांनी त्याला सावरले. दुसरी फेरी सुरू होताच त्याने क्रो कॉपचे पाय धरून त्याला खाली घेतले, छातीवर बसला, आणि क्रो कॉप धडपडत त्याला ढकलायला गेला तोच तो हात आर्मबारमध्ये गेला. दोन मिनिटेही लागली नाहीत. नोगेइराची एकच लढत पाहायची असेल तर मी ही पाहायला सांगेन.

२००७ मध्ये प्राइड विकली गेली आणि तो यूएफसीत आला. इथे पिंजरा होता, फेऱ्या पाच मिनिटांच्या होत्या, खाली पडलेल्याला कोपराने मारता येत होते. पाठीवर पडून वाट पाहणाऱ्याला हे सारे प्रतिकूल. २ फेब्रुवारी २००८ रोजी लास वेगासला हंगामी हेवीवेट किताबासाठी त्याने सहा फूट आठ इंच उंचीच्या टिम सिल्वियाचा मार दोन फेऱ्या खाल्ला, तिसऱ्या फेरीत त्याला खाली घेऊन उलटवले आणि उठू पाहणाऱ्या सिल्वियाची मान गळा आवळणाऱ्या ‘गिलोटिन’ पकडीत धरली. दोन संघटनांचे किताब एकाच माणसाकडे येण्याचा योग असा जुळला.

तोपर्यंत नऊ वर्षांत तो चारदाच हरला होता, तेही चारही वेळा पंचांच्या निर्णयाने. कोणी त्याला वेळेआधी थांबवू शकले नव्हते. हा लौकिक २७ डिसेंबर २००८ रोजी फ्रँक मिरने दुसऱ्या फेरीत ठोशांनी संपवला. पुढच्या वर्षी पोर्टलंडमध्ये रँडी कूचरला हरवून नोगेइरा सावरला खरा, पण फेब्रुवारी २०१० मध्ये सिडनीत केन वेलास्केझने त्याला पहिल्याच फेरीत झोपवले. खेळाडू जास्त वेगवान झाले होते आणि याचे शरीर झिजले होते. कंबर आणि गुडघा, दोन्हींच्या शस्त्रक्रिया झाल्या.

म्हणूनच २७ ऑगस्ट २०११ ची रियोतली रात्र ब्राझीलचे लोक विसरत नाहीत. १९९८ नंतर यूएफसी प्रथमच ब्राझीलमध्ये आली होती. शस्त्रक्रियांतून उठलेल्या पस्तिशीतल्या नोगेइरासमोर ब्रेंडन शॉब हा ताज्या दमाचा अमेरिकी होता. पहिल्याच फेरीत नोगेइराच्या ठोशांनी शॉब पालथा पडला आणि सभागृह अक्षरशः हादरले. आणि त्याच डिसेंबरात टोरांटोला मिरविरुद्ध हातात आलेला घास गेला. ठोशांनी मिर गडबडला असताना नोगेइरा त्याच्या मानेसाठी गिलोटिनकडे वळला. मिरने उलटी पलटी मारून त्याचा हात किमुरा पकडीत पिळला. नोगेइराने टॅप करेपर्यंत दंडाचे हाड मोडले होते. कारकिर्दीत पकडीने झालेला हा त्याचा पहिला पराभव. ऑक्टोबर २०१२ मध्ये तोच हात घेऊन तो रियोत परतला. जिउ-जित्सू आपल्यावर चालत नाही असे डेव्ह हर्मन जाहीरपणे सांगत होता. त्याला नोगेइराने आर्मबारनेच हरवले.

शिक्षक म्हणूनही त्याचे काम मोठे आहे. पुढे यूएफसीचा मिडलवेट विजेता झालेला अँडरसन सिल्वा खेळ सोडायच्या विचारात असताना नोगेइराने त्याला थांबवले, सरावाला सोबत घेतले आणि जिउ-जित्सूचा काळा पट्टाही दिला. माजी हेवीवेट विजेता ज्युनियर दोस सांतोस हाही त्याच्याच आखाड्यातला. २००८ च्या ‘द अल्टिमेट फायटर’ या दूरचित्रवाणी मालिकेत तो मिरविरुद्ध प्रशिक्षक होता आणि दोन्ही वजनगटांचे विजेते, रायन बेडर व एफ्रेन एस्कुदेरो, त्याच्याच चमूतले निघाले. २०१६ मध्ये यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

त्याच्या सहनशक्तीचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये : आधी मार खाऊन मग जिंकण्याची रीत पाहणाऱ्याला सुंदर वाटली, तरी प्रत्येक विजयाचे बिल शरीराकडे जमा होत होते. २०१३ मध्ये फोर्तालेझात फाब्रिसिओ वेर्दुमने त्याला त्याच्याच आर्मबारने हरवले, २०१४ मध्ये अबुधाबीत रॉय नेल्सनच्या ठोशाने तो पहिल्या फेरीत कोसळला. १ ऑगस्ट २०१५ रोजी रियोत नेदरलँड्सच्या स्टेफान स्ट्रूफेकडून तो गुणांवर हरला आणि पुढच्याच महिन्यात निवृत्त होऊन ब्राझीलमध्ये यूएफसीचा राजदूत झाला. त्या शेवटच्या रात्री, त्याच पिंजऱ्यात, रोजेरिओचीही लढत होती. माउरिसिओ ‘शोगुन’ रुआने त्याला पंचांच्या निर्णयाने हरवले. बाइयात एकत्र जुदो शिकायला लागलेले दोघे भाऊ एकाच रात्री हरून घरी गेले.