पित्ताशय कोणत्या यंत्राने पाहावे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील मराठी घरांत उजव्या बरगडीखाली दुखू लागले, की पहिले काही दिवस ‘पित्त झाले असेल’ या समजुतीत आणि आमसुलाच्या सारावर निघून जातात. दुखणे थांबत नाही असे दिसल्यावर मात्र तीच माणसे डॉक्टरांकडे ‘सीटी स्कॅनच करून टाका’ असा आग्रह धरतात. पित्ताशयाच्या बाबतीत हा आग्रह बहुधा अनाठायी असतो, कारण तेथील खडे शोधण्यात स्वस्त सोनोग्राफी महागड्या सीटीहून सरस ठरते.

याचे कारण खड्यांच्या घडणीत आहे. क्ष-किरणांना एखादी वस्तू दिसते ती तिच्या घनतेमुळे, आणि कोलेस्टेरॉलच्या खड्यांची घनता भोवतीच्या पित्तरसाइतकीच असल्याने सीटीवर ते अनेकदा पित्तरसात मिसळून जातात. साध्या एक्स-रेत तर कॅल्शियम साचलेले, म्हणजे शंभरातले जेमतेम दहा-पंधरा खडे उमटतात. हीच अडचण ओळखून 1924 साली अमेरिकेत सेंट लुईस येथे ग्रॅहम आणि कोल या शल्यविशारदांनी पित्तावाटे बाहेर पडणारे रंगद्रव्य रुग्णाला देऊन पित्ताशयच एक्स-रेवर उमटवण्याची युक्ती काढली, आणि सोनोग्राफी रुळेपर्यंत पुढची अनेक दशके डॉक्टरांची मदार त्या पद्धतीवरच होती.

सोनोग्राफीतील ध्वनिलहरींचा हिशेब निराळा आहे. पित्तरसातून त्या विनाअडथळा जातात, म्हणून पडद्यावर पित्ताशय काळे दिसते; खड्यावर आदळून मात्र परततात, म्हणून खडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवले की खडा बहुधा घरंगळतो, तर भिंतीला चिकटलेला पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल उंचवटा, जागचा हलत नाही आणि त्याची सावलीही पडत नाही. तपासणी चालू असताना ‘आता कुशीवर वळा’ असे सांगतात ते यासाठी. पित्ताशयाची भिंत 3 मिलिमीटरहून जाड आहे का, भोवती पाणी साचले आहे का, आणि नेमके पित्ताशयावरच प्रोब, म्हणजे पोटावर फिरवायचे हातातले यंत्र, दाबल्यावर सर्वांत जास्त दुखते का, या तिन्ही गोष्टी त्याच बैठकीत कळतात. खड्यांच्या जोडीला त्या आढळल्या, तर तीव्र दाह झाल्याची शंका बळावते.

यासाठी पित्ताशय भरलेले हवे, म्हणून सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवावे लागते. स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचताच एका संप्रेरकामुळे पित्ताशय आकसते आणि आकसलेल्या पित्ताशयाची तपासणी भरवशाची राहत नाही. सकाळचा दुधाचा चहाही म्हणूनच वर्ज्य. एकादशीला सोनोग्राफी ठरली असेल, तर दाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी ‘उपासाचीच तर आहे’ म्हणून खाऊन जाऊ नये.

सोनोग्राफीची मर्यादा मुख्य पित्तनलिकेपाशी सुरू होते. आतड्यातील वायू आड आल्याने नलिकेच्या खालच्या टोकाचा खडा तिला अनेकदा दिसत नाही. कावीळ झाली असेल किंवा नलिका रुंदावलेली आढळली, तर एमआरसीपी करतात. या चुंबकीय तपासणीत स्थिर द्रव उजळ दिसतो आणि त्यातला खडा काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतो. त्यासाठी औषध टोचावे लागत नाही. ईआरसीपीत तोंडावाटे दुर्बीण घालून खडा काढताही येतो, पण तिचे धोके पाहता ती निव्वळ निदानासाठी सहसा करीत नाहीत. तीव्र दाहाविषयी शंका उरलीच, तर हायडा स्कॅन असतो: त्यात शिरेतून दिलेले टेक्नेशियम हे किरणोत्सारी द्रव्य पित्तावाटे उतरते, पण पित्ताशयाची नलिका बंद असेल तर पित्ताशय भरतच नाही, आणि दाहाच्या शंकेला पुष्टी मिळते.

मग सीटीचे काम काय? पित्ताशय फुटले असेल, पू पसरला असेल किंवा कर्करोगाची शंका असेल, तेव्हा तीच हवी. हा शेवटचा मुद्दा आपल्याकडे महत्त्वाचा आहे, कारण गंगेच्या खोऱ्यात, ज्यात चंबळचा हा प्रदेशही येतो, पित्ताशयाच्या कर्करोगाचे प्रमाण दक्षिण भारतापेक्षा बरेच अधिक असून तो स्त्रियांत जास्त आढळतो. भिंत एकाच बाजूला जाड झालेली दिसली किंवा पॉलिप 10 मिलिमीटरच्या पुढे गेला, तर वाट पाहू नये. सुरुवातीचा कर्करोग मात्र कोणत्याही प्रतिमेतून निसटू शकतो. म्हणून साध्या खड्यांसाठी काढलेले पित्ताशयही सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीला पाठवले आहे ना, हे विचारावे आणि तो अहवाल हाती आल्याशिवाय फाइल बंद करू नये.