मेसेज कॅटलॉग

प्रोग्रामने वापरकर्त्याला दाखवायच्या सूचना, प्रश्न आणि चुकांचे इशारे मूळ कोडपासून वेगळे काढून प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्र साठवलेली फाइल म्हणजे मेसेज कॅटलॉग. प्रोग्राम तोच राहतो, कॅटलॉग बदलला की भाषा बदलते. युनिक्स प्रणालींसाठी ही पद्धत एक्स/ओपन या गटाने ठरवली आणि पुढे ती युनिक्ससारख्या प्रणालींच्या पॉझिक्स या मानकातही आली. तिची फंक्शने तीनच: उघडण्यासाठी कॅटओपन, वाक्य मागण्यासाठी कॅटगेट्स आणि बंद करण्यासाठी कॅटक्लोज.

भाषांतरकार साध्या मजकुराच्या फाइलमध्ये संच आणि क्रमांक घालून वाक्ये लिहितो. जेनकॅट हे साधन तिच्यापासून यंत्राने वाचायची फाइल बनवते.

कॅटओपनला दिलेल्या नावात तिरकी रेघ असेल तर ते नाव थेट फाइलचा पत्ता मानले जाते. नसेल तर एनएलएसपाथ या चलात दिलेल्या साच्यांप्रमाणे शोध होतो. साच्यात कॅटलॉगचे नाव, भाषा आणि प्रदेश यांच्या जागा राखलेल्या असतात. कॅटओपनला एनएल_कॅट_लोकॅल हा पर्याय दिला असेल आणि त्याआधी भाषा-प्रदेशाची मांडणी (लोकॅल) लागू करणारे सेटलोकॅल हे फंक्शन बोलावणे राहून गेले, तर प्रोग्राम मूळच्या ‘सी’ लोकॅलमध्येच राहतो आणि फाइल जागेवर असूनही भाषांतर दिसत नाही. नवख्यांचे तासन्‌तास या एका ओळीपायी जातात.

कॅटलॉग सापडला नाही तर कॅटओपन उणे एक परत करते. पण म्हणून प्रोग्राम थांबवायचा नसतो. कॅटगेट्सला संच व क्रमांकासोबत एक पर्यायी वाक्यही द्यावे लागते आणि भाषांतर मिळाले नाही की तेच परत येते. या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच: भाषांतर हरवले तरी वापरकर्त्याला काही ना काही वाचायला मिळते.

बंद करण्याकडे मात्र दुर्लक्ष होते. कॅटगेट्स वाक्याची प्रत देत नाही, कॅटलॉगच्या ताब्यातल्या मेमरीचा पत्ता देते. कॅटक्लोजनंतर त्या पत्त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कॅटलॉग उघडून, वाक्य घेऊन, तो बंद करून मग ते वाक्य परत देणारे छोटे फंक्शन दिसायला नीटनेटके असते, पण चुकीचे असते. वाक्य नंतर लागणार असेल तर आधी त्याची प्रत करावी. उलट, दिवसरात्र चालणाऱ्या सर्व्हरने प्रत्येक विनंतीला कॅटलॉग उघडला आणि बंद केलाच नाही, तर मेमरी अडकत जाते. सुरुवातीला एकदा उघडावा, काम संपताना एकदा बंद करावा, हेच बरे. सी++ भाषेच्या प्रमाण लायब्ररीतही ओपन, गेट, क्लोज अशी हीच त्रयी आहे.

आज मुक्त सॉफ्टवेअरमध्ये जास्त चालते ती गेटटेक्स्ट पद्धत. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातला तिचा अवतार १९९० च्या दशकात आला आणि २०२४ च्या पॉझिक्स आवृत्तीत तिलाही स्थान मिळाले. तिथे उघडणे-मिटणे प्रोग्रामरला दिसतच नाही: कॅटलॉगचे नाव आणि जागा सांगितली की लायब्ररी गरज पडताच फाइल स्वतः उघडते. क्रमांकही नाहीत, मूळ वाक्य हीच किल्ली. त्यामुळे कोड सहज वाचता येतो, पण मराठीला त्याची झळ बसते. इंग्रजीत ‘ओपन’ ही आज्ञाही असते आणि स्थितीही. मराठीत आज्ञा ‘उघडा’ आणि फाइलची स्थिती ‘उघडी’. क्रमांकांच्या पद्धतीत हे दोन संदेश आपोआप वेगळे राहतात. गेटटेक्स्टमध्ये ते एकाच किल्लीखाली येतात आणि वेगळे करायला प्रोग्रामरला संदर्भाची खूण जोडावी लागते. लिंगाचा प्रश्न तर दोन्ही पद्धतींत उरतो: एखादे नाव रिकाम्या जागेत भरून ‘पुसले’ म्हणायचे, तर फाइल पुसली, फोटो पुसला, चित्र पुसले. म्हणून प्रोग्रामरने प्रत्येक प्रकारासाठी पूर्ण वाक्य वेगळे ठेवावे, अशी मागणी भाषांतरकाराला करावी लागते.